बॉनेटवरचे ओरखडे

दादाची गाडी संध्याकाळी परत द्यायची होती, आणि बाबांनी सकाळीच ती भांड्यांच्या घासणीने घासून काढली.

गाडी मागून आणली होती ती काल बाबांनाच दवाखान्यात न्यायला. हल्ली त्यांच्या डोक्यातून गोष्टी निसटायच्या. गॅस चालू राहायचा, नळ वाहत राहायचा. त्यामुळे त्यांची धाकटी लेक नोकरीवरून आली तरी तिला उसंत नसे. आज सुट्टी म्हणून तिने जरा अंग टाकलं, तेवढ्यात हे! बाहेर येऊन पाहते तर बॉनेटवर फेस, आणि फेसाखाली बारीक ओरखड्यांचं जाळं.

"बाबा! अहो, काय करून ठेवलंत हे? एक मिनिट म्हणून डोळा लागू देत नाही तुम्ही!"

"घाण होती गं," बाबा पुटपुटले. घासणी तिच्या हातात देऊन ते आत जाऊन बसले.

तिला वाईट वाटलं, पण मागे जाऊन समजूत घालण्याइतकंही त्राण नव्हतं. कोपऱ्यावरच्या दुकानातून तिने ओरखडे घालवायचं पॉलिश आणलं. गाडी सावलीत घेतली, धुतली, कोरडी केली. ओरखड्यांवरून नख फिरवून पाहिलं. बहुतेक ठिकाणी ते अलगद घसरत गेलं, म्हणजे वरवरचेच होते. दिव्याजवळच्या एका ठिकाणी मात्र नख अडकलं. तो काही जाणार नव्हता.

मऊ फडक्यावर थोडंसं पॉलिश घ्यायचं, तळहाताएवढाच भाग धरायचा, हलक्या हाताने गोल गोल चोळायचं, पुसायचं, मान तिरकी करून बघायचं. ओरखडे पुसट होत, पण एका दमात जात नसत. मग पुन्हा तेच. खांदे भरून आले. दादा फोनवर विचारायचा, "बाबा कसे आहेत?" आणि ती म्हणायची, "बरे आहेत." खरं सांगत बसायचाही कंटाळा यायचा.

दुपारी बाबा पाण्याचा पेला घेऊन बाहेर आले. बॉनेटकडे बघून हळहळले.

"अरेरे! कुणी केलं गं हे?"

तिने मान वर केली. उत्तर अगदी जिभेच्या टोकावर होतं.

"माझ्याच हातून झालं, बाबा."

"मग त्यात एवढं तोंड पाडायला काय झालं? गाडीच तर आहे." पेला तिच्या हातात देऊन ते पायरीवर टेकले. "कुणी ओरडलं का तुला?"

ती पुन्हा फडकं फिरवायला लागली. "नाही."

"ओरडलं तर मला सांग."

संध्याकाळी दादा आला. गाडीभोवती फेरी मारून दिव्यापाशी वाकला. तो काही बोलणार, तोच दारातून बाबांचा आवाज आला, "तिला काही बोलायचं नाही हां! चुकून झालंय बिचारीच्या हातून." आणि ते चपला शोधायला आत वळले.

"तू केलंस?" दादाने विचारलं.

हो म्हटलं असतं तर विषय तिथेच मिटला असता.

"बाबांनी केलं, घासणीने. आता त्यांना आठवतही नाही. दादा, मला एकटीला नाही रे झेपत."

"अगं, तू तर बरे आहेत म्हणायचीस."

"म्हणायचे."

दादाने किल्ली खिशात टाकली. मग त्याने घरी फोन लावला. "मी आज इकडेच राहतोय. उद्याही. नाही, गाडीला काही झालेलं नाही."

आत येऊन हातपाय धुतल्यावर त्याने गोळ्यांची वेळ विचारली. ती सांगायला लागली आणि मधेच थांबली. "पाकिटावर लिहिलंय सगळं. रात्री ते उठून दार उघडतात, तेवढं बघ."

पाच मिनिटं पाठ टेकते म्हणून ती आतल्या खोलीत गेली. बाहेर दादा बाबांना काहीतरी विचारत होता, आणि बाबा सावकाश, आठवून आठवून उत्तर देत होते. ते उत्तर काय होतं, हे ऐकायच्या आतच तिला गाढ झोप लागली.