सतरा अंगठे

"धा पोरं आली तर ही मिशी उतरवीन. चर्चच्या फाटकात, समद्यांसमोर!" कैलासभाऊंनी मिशीला पीळ दिला.

जिन्यातल्या दोन शेजारणी खिदळल्या. शुभदाताईंच्या हातात डिंकाची बाटली, काखेत रंगीत कागदांची गुंडाळी आणि डोकं आधीच तापलेलं.

"आणि हॉलमध्ये दहा नाही आली तर?"

"तर माज्या गाडीवर तासभर कणसं भाजायची. वर ओरडायचं, गरमागरम!"

"लागली पैज!" एकोणीस वर्षं चर्चचा तरुण संघ चालवणाऱ्या बाईला आता कणीसवाला पोरं मोजायला शिकवणार होता.

खरी भानगड पैजेची नव्हतीच. शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी संघाची नव्या वर्षाची पहिली सभा. चर्चच्या पंच मंडळानं पाळकसाहेबांदेखत सांगून टाकलं होतं, या खेपेला दहाच्या खाली पोरं आली तर हॉल कराटे क्लासला.

मग आठवडाभर दवाखान्यातली नर्सची ड्यूटी संपली की ताई हॉलवर. गिटारची तार तुटलेली, तोडणारा लग्न करून पिंपरीला. गीतांच्या झेरॉक्स अर्ध्या कोऱ्या. एक पंच रोज डोकावून म्हणायचे, "खुर्च्या कमी लावा ताई, रिकाम्या बऱ्या नाही दिसत." ताईंनी हट्टानं चाळीस लावल्या. ग्रुपवर निरोप टाकला, तर सतरा अंगठे आले. दोनदा मोजले. सतरा! मिशी गेलीच म्हणायची.

रविवारी चार वाजता दोन पोरं आली. दोन्ही पाळकसाहेबांची. आवारातच राहायची, पळणार कुठे?

पाच वाजता ताई खुर्च्या एकात एक घालू लागल्या. पंच दारात. "मी म्हणालो होतो."

"हो, म्हणाला होतात. आता ही चळत धरा."

हजेरीवही पर्समध्ये कोंबून ताई तडक हायवेला, कैलासभाऊंच्या कणसाच्या गाडीकडे निघाल्या. पर्यटकांच्या सीझनमध्ये रविवारी या रस्त्याला त्या कधी फिरकत नसत, गर्दीचा वैताग म्हणून. पुणं-मुंबईच्या गाड्या खंडाळ्यापर्यंत खोळंबलेल्या.

"आलाव व्हय? म्या म्हनलं उद्या याल!"

"उद्या कशाला? द्या तो पंखा."

कैलासभाऊंना आनंद मावेना. "या, या! सिस्टरच्या हातचं कणीस!"

"गरमागरम," ताई पुटपुटल्या.

"ऐकू न्हाई आलं!"

"गरमागरम!!" एका गाडीतल्या माणसानं दचकून काच वर केली.

"सलाम, ताई."

ताईंनी वळून पाहिलं. संघातली श्रद्धा, हातात चहाचा थर्मास. पलीकडे रूबेन शिट्टी फुंकत गाड्या पार्किंगला लावत होता. संघातलेच आणखी दोघं 'रूम मिळेल'च्या पाट्या हलवत होते. त्यांनी ताईंना पाहिलं आणि पाट्यांनीच तोंडं झाकली.

"तू अंगठा दिला होतास ना गं?"

"यायचंच होतं ताई, खरंच. पण सीझनचा रविवार. आई म्हणाली, आज नाही कमवायचं तर कधी?" श्रद्धा थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिली. "मंगळवारी संध्याकाळी कोणीच नसतं इथे. आम्ही रिकामेच असतो."

ताईंनी निखाऱ्यांवर पंखा जोरात हलवला. एकोणीस वर्षं सभा रविवारीच.

एकेक करत संघाची पोरं कणसाच्या गाडीभोवती जमली. कैलासभाऊ बोटानं मोजत होते. "नऊ, धा, अकरा... आयला!" त्यांनी झटकन मिशीवर हात ठेवला.

"घाबरू नका. पैज हॉलमधली होती. हरले ते हरले," ताई म्हणाल्या. "अजून चाळीस मिनिटं आहेत."

"मग हॉल?" श्रद्धानं विचारलं.

"हॉल गेला, बाळा. मंगळवारी सहाला माझ्या घरी. खुर्च्या नाहीत, सतरंजी आहे."

"म्हंजी माज्या डोक्यावर नाचनार?" खालच्या मजल्यावरचे कैलासभाऊ कळवळले.

"आणि अंगठा नको. तोंडानं सांग," ताई श्रद्धाला म्हणाल्या.

"येते, ताई."

"ओ ताई, कणीस करपतंय!"

ताईंनी कणीस फिरवलं, लिंबू चोळलं आणि कुणी न सांगता, थांबलेल्या गाड्यांकडे तोंड करून ओरडल्या, "गरमागरम!"