न पोळणारा हात

मित्रांनो, मी एक जुनी चेतापेशी आहे, भागूबाईच्या डाव्या हाताची. माझं घर तिच्या मानेच्या मणक्यापाशी, पण माझा लांबलचक तंतू थेट तिच्या करंगळीच्या टोकापर्यंत गेलेला. पाथर्डीकडच्या एका वस्तीवर ती जन्मली, तेव्हापासून मी तिच्यासोबत आहे. आमच्यातली एखादी मेली तर तिच्या जागी नवी येत नाही, हे आधीच सांगून ठेवते.

माझं काम निरोप पोचवायचं. माझ्या भिंतीला बारीक दारं आहेत, एरवी बंद असणारी. बाहेर सोडियमचे विद्युतभारित कण दाटीवाटीनं उभे असतात. करंगळीला चटका बसला की तिथली दारं उघडतात, कण आत घुसतात आणि विजेचा ठोका उमटतो. त्या ठोक्यानं पुढची दारं उघडतात, मग त्यापुढची. मागे पोटॅशियमचे कण बाहेर पडतात आणि भिंत पुन्हा सावरते. ठोका उमटला तर पुरा, नाहीतर मुळीच नाही. अर्धवट काम मला जमत नाही.

काटा, काच, चटका, सगळं मी कळवत आले. त्याबद्दल कोणी शाबासकी दिली नाही. दुखणं घेऊन येणाऱ्याला कोण देणार!

पुढे कोपराजवळ कुष्ठरोगाचे जंतू शिरले आणि माझ्याभोवतीचं वेष्टण पोखरू लागले. ठोका करंगळीतून निघायचा आणि कोपराशी विझायचा. हळूहळू हातातल्या माझ्या इतर बहिणींचंही तेच झालं. हातावर फिकट चट्टा उठला होता, पण तो दुखत नव्हता, खाजतही नव्हता. भागूबाई ऊसतोडीच्या टोळीत होती; त्या धबडग्यात त्याच्याकडे कोणी पाहिलं नाही.

उलट माझ्या मुकेपणाचं कौतुक झालं. कोपीसमोरच्या, म्हणजे पाचटाच्या झोपडीसमोरच्या, चुलीवरचा तापलेला तवा भागूबाई फडक्याशिवाय उचलू लागली. शेजारच्या कोपीतली बायडाबाई म्हणाली, "भागे, हात हाय का लोखंड? पोळत कसं न्हाई गं तुला?" टोळीत तिचं नावच झालं. तिची लेक संस्कृती तसंच करायला गेली आणि किंचाळली, तेव्हा सगळ्या हसल्या. "आईची लेक शोभत न्हाई!" त्या हसण्याची मला फार चीड आली.

एका सकाळी भाकरी भाजताना निखारा करंगळीखाली चिकटून राहिला. मी जिवाच्या आकांतानं ठोके पाठवले. एकही पोचला नाही. करपल्याचा वास आला तेव्हा भागूबाईनं आधी भाकरी उलटून पाहिली.

जखम चिघळली, दवाखान्यात करंगळी काढावी लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोग औषधानं बरा होईल. गेलेली जाणीव परत येईलच, असं सांगता येत नाही. घरातल्या सगळ्यांना तपासायला आणा."

कोपीवर परतल्यावर संस्कृती भाकरी करू लागली. तव्याला तिची बोटं लागली. तिनं ओठ घट्ट मिटले.

"पोळलं का गं?" आईनं विचारलं.

"न्हाई." आता आपलंही कौतुक होईल, असं पोरीला वाटलं.

भागूबाईचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पोरीचा हात ओढला. "खरं सांग! पोळलं का न्हाई?"

"लई पोळलं गं आई!" पोरीनं भोकाड पसरलं.

"रड, माझे बाय, रड," असं म्हणत भागूबाई स्वतःच रडू लागली.

मित्रांनो, न दुखणारा चट्टा दिसला तर लगेच दाखवा, आणि दुखलं म्हणून रडणाऱ्याला हसू नका. पोरीची भाजलेली बोटं भागूबाईनं डाव्या हातात घट्ट धरली होती. ती बोटं ऊन होती की गार, ते मला तिला सांगता आलं नाही.