पूल कॅमेऱ्याच्या पाठीमागे

टीव्हीवर आमची गल्ली जळत होती आणि आई त्याच गल्लीतल्या आमच्या गच्चीवर चादरी वाळत घालत होती! बातमीदारही तिथेच उभा. डोक्यावर हेल्मेट, अंगात गोळी अडवणारं जाकीट आणि पायात आईच्या स्लिपर, कारण धुतलेल्या गच्चीवर आई कुणाच्या बापाचे बूट येऊ देत नाही. त्याच्यामागे धूर होता. बेकरीचा.

"ताई, चादरी काढता का? युद्ध झाकलं जातंय."

"युद्ध हवंय तर कॅमेरा मागे वळवा," आई म्हणाली. "पुलावर रोज गोळे पडतात."

"छे! पूल सुरक्षित आहे. सकाळी मीच सांगितलं."

झालं! तीच बातमी पाहून परदेशातल्या मामानं आम्हाला 'जळत्या' गल्लीतून काढायला जीप पाठवली होती. ती खाली घुरघुरत होती आणि जाणार होती त्याच पुलावरून. मामापुढे आई आजवर चकार शब्द बोललेली नाही. बॅगा भरून तयार!

मला मरायचं नव्हतं. निदान शाळेच्या नाटकाआधी तरी मुळीच नाही, मी राणी आहे त्यात.

थेट प्रक्षेपण सुरू झालं आणि मी स्टँडवरचा कॅमेरा धरून गर्रकन पुलाकडे फिरवला. धडाम! पुलावर गोळा, नदीचं पाणी आभाळात. बातमीदार हेल्मेटसकट चादरीत घुसला.

लगेच मामाचा फोन. आईनं स्पीकर लावला.

"बघितलंस? तुमच्या गल्लीवर गोळा पडला! निघा, पुलावरून निघा!"

"दादा, पुलावरच पडला तो."

"खाली पट्टीत 'गल्ली' लिहिलंय. मला वाचता येतं!"

"मग आमच्या गल्लीत नदी कुठून आली रे?"



"पाइप फुटला असेल. वाद घालू नकोस, लहान आहेस तू."

"चाळीस वर्षं झाली, लहानच आहे मी," आई म्हणाली. "आम्ही येत नाही. ठेवते." आणि खरंच ठेवला! मी शिट्टीच मारली.

मग ती कठड्यावरून खाली ओरडली, "ओ ड्रायव्हरभाऊ, गाडी बंद करा. वर या जेवायला."

ड्रायव्हरभाऊ तीन-तीन पायऱ्या चढत आले. "बाई, देव तुमचं भलं करो! मी सकाळपासून साहेबांना फोनवर सांगतोय, पुलावर गोळे पडतायत, पण ते म्हणतात, तू टीव्ही बघत नाहीस."