पगारवाढीची माहितीपुस्तिका

माणसाला आगीचा शोध लागला, त्याच दिवशी ती पेटवायची कशी हे इतरांना समजावून सांगणाराही जन्माला आला, आणि मानवी संस्कृतीचा सगळा डोलारा खरं तर या दुसऱ्या माणसाच्या खांद्यावर उभा आहे. पहिल्याचं नाव झालं. दुसऱ्याला, मजकूर जरा आटोपशीर करा, असं सांगण्यात आलं.

ती या दुसऱ्या माणसाच्या वंशातली. गीझर बनवणाऱ्या एका कंपनीत ती माहितीपुस्तिका लिहायची. कामाची तिची एक खोड होती: जी पायरी स्वतः करून पाहिली नाही, ती लिहायची नाही. "झडप उघडा" असं लिहायचं, तर आधी झडप उघडायची. त्यापायी एकदा कोपर भाजलं होतं. पण त्यानंतरच "आधी वीज बंद करा" हे वाक्य झडपेच्या पायरीच्या वर गेलं, आणि तक्रारींचे फोन निम्म्यावर आले. गीझरची रचना करणाऱ्या इंजिनिअरना त्याबद्दल बक्षीस मिळालं.

"तू लिहितेस ते कोणी वाचत नाही ना गं?" सासूबाई अधूनमधून विचारत. "मग पैसे कसले देतात?"

"अगं आई, वाचत नाहीत म्हणूनच कमी देतात," नवरा म्हणायचा. त्याची स्वतःची नोकरी सुटल्यापासून त्याला असे विनोद बरे सुचत. घराचा हप्ता तिच्या एकटीच्या पगारातून जात होता, आणि तिचा करार महिनाअखेरीला संपत होता. कराराचं नाव निघालं की त्याला विनोद सुचत नसत.

अशात मनुष्यबळ विभागाच्या अधिकाऱ्याने तिला बोलावलं. वाईट बातमी देताना तो हमखास हसायचा, म्हणून कचेरीत त्याला हसरा म्हणत. या वेळी तो गंभीर होता, म्हणून तिला जरा हायसं वाटलं.

"पगारवाढीचे अर्ज आता कॉम्प्युटरवर," तो म्हणाला. "त्याची छोटीशी पुस्तिका लिहा. इतकी सोपी, की कोणी माझ्याकडे विचारायला येता कामा नये."

ती कामाला लागली. पहिली पायरी, पासवर्ड टाका. दुसरी, हुद्दा भरा. तिसऱ्या पायरीला पडद्याने विचारलं: अपेक्षित वाढ किती? शून्य टाकून पाहिलं, चालेना. एक टाकला, तर कारण मागितलं. "उगाच" हे कारणही चालेना. तेव्हा तिने खरंच काय ते लिहिलं. तीस टक्के. कारण: भाजलेलं कोपर, निम्म्यावर आलेले फोन, इंजिनिअरांचं बक्षीस. लिहिता लिहिता हात चांगलाच सैल सुटला.

पुढचा पडदा दिसायला "पाठवा" दाबणं भाग होतं. तिने दाबलं.

"आपला अर्ज वरिष्ठांकडे गेला आहे. धन्यवाद."

मागे घ्यायचं बटण तिने वर शोधलं, खाली शोधलं, मदतीच्या पानावर शोधलं. मदतीच्या पानावर लिहिलं होतं, पुस्तिका पहा. पुस्तिका ती लिहीत होती.

घरी सांगितल्यावर नवऱ्याने टीव्ही बंद केला. हे लक्षण चांगलं नव्हतं.

"खरा आकडा टाकलास?"

"खोटा घेईना."

"अगं, करार तोंडावर आलाय! उद्या जाऊन सांग, चाचणी होती म्हणून."

"चाचणीच होती."

"मग झालं तर!"

"पण कारण खरं होतं."

सासूबाईंनी आतून विचारलं, "किती मागितले?" तीस टक्के ऐकल्यावर आत भांडं पडलं.

मग रोज फोन वाजला की तिचा जीव वरखाली होई. अर्ज ज्यांच्याकडे गेला ते साहेब जिन्यात दिसले की ती भिंतीवरचा पाण्याच्या टाकीचा आराखडा न्याहाळत उभी राही. पुस्तिका तिसऱ्या पायरीवर अडकली होती, कारण चौथीला काय होतं हे तिला अजून कळायचं होतं.

शेवटी हसऱ्याने बोलावलं. ती दारात पोचली तेव्हा तो हसत होता.

"बसा. तुमचा अर्ज साहेबांनी वाचला. तो चाचणीचाच होता ना?"

सुटकेचं दार सताड उघडं होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. हप्ता आठवला, करार आठवला.

"नाही," ती म्हणाली. "खरा आहे."

हसरा आणखी हसला. तिने खुर्चीचा हात धरला.

"साहेबांना शंभर टक्के पटलं. म्हणाले, इतकं स्वच्छ लिहिलेलं या कंपनीत पहिल्यांदाच वाचलं. करारही वाढवलाय, ती काळजी सोडा."

"आणि वाढ?"

"तिथे जरा अडचण आहे. तुमचा पगार पॅकिंगच्या खात्यातून जातो."

"पॅकिंगच्या?"

"पुस्तिका खोक्यात जाते ना! म्हणजे बघा, खोकं, थर्माकोल, चिकटपट्टी, पुस्तिका आणि तुम्ही. वर्षाचं सगळं मिळून एकच बजेट. त्यात वाढीला जागा होती, नाही असं नाही. पण ती गेल्याच आठवड्यात संपली."

"कोणाला दिली?"

हसऱ्याने कागद पाहिला. थर्माकोलवाल्याने बारा टक्के वाढ मागितली होती. त्याला कारण विचारलं नव्हतं.