पन्नास मीटरवरची पाटी

हावड्याच्या डायव्हिंग केंद्रातल्या पोलादी टाकीत हवेचा दाब वाढत वाढत पन्नास मीटर खोल पाण्याइतका झाला. "इथे साधी हवासुद्धा दारूसारखी चढते," प्रभाकर सरांनी बजावलं होतं. "मला नाही हं, तुम्हा नवशिक्यांना."

केतकीला मात्र डोकं लख्ख झाल्यासारखं वाटलं. परीक्षेसाठी दिलेल्या पाटीवरच्या पाच वजाबाक्या तिने झरझर सोडवल्या. समोर बसलेल्या सरांनी पाचही उत्तरांपुढे ऐटीत बरोबरची खूण केली.

दाब उतरल्यावर बाहेर येऊन तिने पाटी पाहिली आणि ती चक्रावली. एकही उत्तर बरोबर नव्हतं. मग आत लख्ख वाटत होतं, ते काय? आणि आत्ता वाटतंय, ते?

"चुका माझ्या, सर. पण या खुणा?"

सरांनी पाटी घेऊन पाचही वजाबाक्या पुन्हा करून पाहिल्या. वीस वर्षं ते याच टाकीत बसून विद्यार्थ्यांना पास करत आले होते.