मागचा खटका

जहाजावरच्या केबिनच्या दारातून बाहेर पडणं ही रोज सकाळची पहिली लढाई असे. गाडी आणि दाराची चौकट यांच्यामध्ये दोन्ही बाजूंना जेमतेम बोटभर जागा उरायची, आणि तेवढ्या जागेत मास्तरांचा आयुष्यभराचा अनुभव काही केल्या मावत नसे.

"डावीकडे घे. अगं, डावीकडे! गाडीला आरसा नसला म्हणून काय झालं, मान आहे ना तुला?"

"मान आहे हो, पण डावीकडे तुम्ही उभे आहात."

मास्तर बाजूला झाले. गाडी म्हणजे एक घडीची स्कूटर: बसायला लहानसं आसन, पुढे दांडा, खाली चार बुटकी चाकं. दांड्यावरची पट्टी अंगठ्याने दाबली की चालायची, अंगठा उचलला की जागच्या जागी खिळायची; वेगळा ब्रेक तिला नव्हताच. जहाजाच्या मार्गिकेत ती ठेवायला मनाई असल्यामुळे पलंग आणि कपाट यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेत तिला चार्जिंगला लावावं लागे, आणि न्हाणीघराकडे जाताना मास्तरांना तिला वळसा घालून जावं लागे. सवतीचा संसार म्हणतात तो हाच, असं मास्तरीणबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या आणि स्वतःच हसल्या होत्या.

मास्तरांनी उभा जन्म लोकांना मोटार शिकवण्यात घालवला. त्यांच्या गाडीला दोन ब्रेक होते, एक शिकणाऱ्याच्या पायाशी आणि एक त्यांच्या स्वतःच्या. आणि खरा कोणता, हे विचारायची गरज कुणाला पडली नाही. निवृत्त झाल्यावर गाडी विकली गेली, पण तो दुसरा ब्रेक त्यांच्या उजव्या पायात राहिला. बसमध्ये, लिफ्टमध्ये, अगदी जेवताना वाढणाऱ्याचा हात सैल सुटला, तरी मास्तरांचा पाय टेबलाखाली जमीन दाबत असे. मास्तरीणबाईंनी त्यांच्याच क्लासच्या खिडकीत बसून हजारोंना वेळा वाटून दिल्या, नापास झालेल्यांची समजूत घातली. स्वतः मात्र दोनच दिवस शिकल्या. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरातलंही बोलणं बंद झालं, तेव्हा दोघांनी मिळून ते शिक्षण सोडून दिलं.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर मास्तरीणबाईंचा डावा पाय भिंतीच्या आधाराने खोली ओलांडण्यापुरता उरला होता. ही गाडी आली ती या प्रवासासाठी, आणि हा प्रवास ठरला तो या एका बंदरासाठी. धक्क्याच्या फाटकासमोरून चढत जाणाऱ्या गल्लीत, जिथे मोटारी जात नाहीत अशा ठिकाणी, त्यांची थोरली बहीण राहत होती. ताईच्या हृदयाने आता पायरी उतरण्याचीही मनाई केली होती. जहाजावरच्या ढकलखुर्च्या फाटकाबाहेर जात नसत. म्हणजे एक बहीण वर खिळलेली, दुसरी खाली. मध्ये ती गल्ली, आणि ती गल्ली चढू शकणारी ही चार बुटकी चाकं. जहाज संध्याकाळी नांगर उचलणार होतं. आज भेट झाली तर झाली. नाहीतर पुढे काय, हे दोघींनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच फोनवर दोघींपैकी एकीनेही ते उच्चारलं नव्हतं.

जहाजाच्या पोटातून धक्क्यावर एक लांब, पत्र्याचा उतार सोडलेला होता. भरतीने जहाज उचललं गेलं होतं, त्यामुळे तो एरवीपेक्षा बराच उभा वाटत होता. माणसं रांगेने उतरत होती. मास्तरीणबाई अंगठा जपून दाबत होत्या, आणि मास्तर मागून चालत होते. सावलीला सल्ला देता आला असता तर ती जशी चालली असती, तसे.

"हळू. पुढच्याशी अंतर ठेव. घाई कुणालाही पोचवत नाही."

उताराच्या मध्यावर खालून एका खलाशाने हात वर केला. सामानाची ढकलगाडी वर यायची होती. रांग थांबली. मास्तरीणबाईंनी अंगठा उचलला आणि गाडी थांबली. उतारावर, पाय रोवून उभ्या राहिलेल्या शहाण्या जनावरासारखी. क्षणभर सगळं स्थिर होतं. खाली पाणी जहाज आणि धक्का यांच्यामधल्या फटीत कोंडलेल्या श्वासासारखं वरखाली होत होतं.

मग पाठीमागे, खाली, आवाज आला. खट्.

आणि गाडी सुटली.

आधी इतकी हळू, की आपणच पुढे झुकतोय असं त्यांना वाटलं. मग पुढच्या माणसाची पाठ मोठी होऊ लागली. त्यांनी अंगठा उचललेलाच होता; आणखी उचलण्यासारखं काही शिल्लक नव्हतं. मागून मास्तर ओरडत होते, "ब्रेक! ब्रेक दाब!" नसलेला ब्रेक. कठड्याला धरू पाहणारा डावा हात सोलपटत गेला, पत्र्याच्या पट्ट्यांचा खडखडाट दातांत शिरला, माणसं भिंतीसारखी दुभंगली. उतार संपला तिथे तो हात वर केलेला खलाशी जागचा हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी दांडा धरला, एक पाय आडवा घातला, आणि चाक त्याच्या नडगीवर आदळून थांबलं.

कुणी पडलं नाही. खलाशी एका पायावर उभा राहून दातांमधून श्वास घेत होता. त्याच्या खांद्यापलीकडे, दोन पावलांवर, धक्क्याची कड होती.

सुरक्षा अधिकारी बाई आल्या त्या न धावता. त्यांनी आधी खलाशाची नडगी पाहिली, मग मास्तरीणबाईंचा सोलपटलेला तळहात, मग गाडी. मागच्या चाकाशी असलेला लाल खटका वर होता. गाडी बंद पडली तर हातांनी ढकलता यावी, म्हणून चाकं मोकळी सोडणारा तो खटका.

"हा वर कुणी केला?"

"तिचाच धक्का लागला असणार, मॅडम," मास्तर धापा टाकत म्हणाले. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. "नवीन आहे ती. गोंधळते. मी मागेच होतो. एवढी वर्षं लोकांना शिकवलं, माझ्या गाडीला साधा ओरखडा नाही... मी असताना..."

मास्तरीणबाईंनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. डोळ्यांत खोटेपणाचा मागमूस नव्हता. आणि तीच भयंकर गोष्ट होती. तो माणूस खोटं बोलत नव्हता. त्याला खरोखरच ठाऊक नव्हतं. गाडी थांबली की न्यूट्रल: हे वाक्य त्यांनी इतक्या जणांना, इतक्या वेळा सांगितलं होतं, की ते मेंदूतून कधीच उतरून मनगटात राहायला गेलं होतं. गेले आठ-पंधरा दिवस मार्गिकेत, लिफ्टपाशी, जेवणघराच्या दारात मागून तो आवाज येत होता, आणि पुन्हा निघताना दुसरा. सपाटीवर त्याने काही बिघडत नव्हतं, म्हणून मास्तरीणबाईंनी तो कधी कान देऊन ऐकला नव्हता. आज ऐकला.

"बाई, मला वाईट वाटतं," अधिकारी म्हणाल्या, "पण उभी गाडी आपणहून सुटली, आणि का सुटली ते तुम्हाला खात्रीने सांगता येत नाही. अशी गाडी मी जाऊ देऊ शकत नाही. ती कोठारात राहील, प्रवास संपेपर्यंत. तुम्हाला परत जहाजावर न्यायला खुर्ची मागवते."

"बरोबर आहे," मास्तर घाईने म्हणाले. "जिवापेक्षा काही मोठं आहे का? अगं, ताईंना फोन करू. समजून घेतील त्या."

फाटक समोर होतं. फाटकापलीकडे गल्लीचं तोंड दिसत होतं, आणि कुणीतरी वाळत घातलेली एक निळी चादर. मास्तरीणबाईंनी तिकडे पाहिलं. हो म्हणणं सोपं होतं. माझाच हात लागला, एवढं एक वाक्य. आणि मास्तरांचं बिनओरखड्याचं आयुष्य तसंच झाकलेलं राहिलं असतं. गाडी मात्र कोठारातच गेली असती. खरं सांगितलं असतं, तर ते ऐकणारच नव्हते. ज्या हाताला स्वतःचीच साक्ष नाही, त्याच्याविरुद्ध बायकोची साक्ष ती काय! माणसाला त्याच्याच हातून पकडून देणं याला कोणता शब्द आहे, हे त्यांना आठवेना. ताईचा कालचा आवाज मात्र आठवला: लवकर ये गं, दुपारी मला झोप लागते.

"एकदा चालवून दाखवू द्या," त्या म्हणाल्या. "इथे सपाटीवर. मगाशी होतं अगदी तसंच. मी चालवते, तुम्ही थांबा म्हणालात की थांबते. आणि हे माझ्या मागे चालतील, नेहमीसारखे."

"कशाला नसता हट्ट?" मास्तर म्हणाले.

"तुम्ही मागे असलात की मला धीर येतो," त्या म्हणाल्या. आणि खरं तर आजवर ते खोटं नव्हतं.

अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे जरा रोखून पाहिलं. मग खटका खाली केला आणि दूरच्या पिवळ्या पट्ट्याकडे बोट दाखवलं.

गाडी निघाली. खरचटलेला तळहात दांड्याला चिकटत होता. मागे मास्तरांच्या बुटांचा आवाज, ओळखीचा, एका पायावर किंचित जास्त भार देणारा. हात खाली जाऊ दे, असं त्या मनात म्हणत होत्या; आणि त्याच मनात, त्याच शब्दांच्या पाठीला पाठ लावून, जाऊ देऊ नको.

"थांबा."

त्यांनी अंगठा उचलला. गाडी पट्ट्यावर खिळली. बूट थांबले. काहीच झालं नाही. खलाशी, अधिकारी, रांगेतून रेंगाळलेली चार माणसं, सगळे बघत होते. एक समुद्रपक्षी ओरडला. आज हात शहाणा झाला, त्यांना वाटलं. संपलं. गेली ताई.

"बघा मॅडम, कशी थांबली!" मास्तर मागून सांगत होते, आवाजात क्लासचा जुना रुबाब परत येत होता. "डोकं शांत असलं की सगळं जमतं. मी हेच सांगत असतो, घाबरायचं नाही, आधी आपण..."

खट्.

"...आधी आपण मागचं पुढचं पाहायचं, आणि मग..."

"काका," अधिकारी हलक्या आवाजात म्हणाल्या. "तुमचा हात कुठे आहे?"

मास्तरांचं वाक्य तुटलं. मास्तरीणबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. तेवढी दया त्यांच्याकडे शिल्लक होती. पण समोर उभ्या असलेल्यांचे चेहरे त्यांना दिसत होते, आणि त्या चेहऱ्यांवर त्यांनी ते वाचलं: कमरेतून वाकलेला एक म्हातारा माणूस लाल खटक्यावर ठेवलेला स्वतःचा हात पाहतो आहे, एखादी अनोळखी वस्तू पाहावी तसा. तो पाहतो आहे, आणि हात काढून घेणं त्याला सुचत नाही.

कुणीच हसलं नाही. खलाशाने नडगी चोळायचं थांबवलं आणि दुसरीकडे बघू लागला.

"हे... मी..." मास्तर म्हणाले. "उतारावर पण मीच?"

"हो," मास्तरीणबाई म्हणाल्या. पुढे पाहतच.

मास्तर सरळ झाले. अधिकाऱ्यांकडे वळून, परीक्षेत नापास झालेल्यांना ते ज्या स्वरात बोलायला शिकवत, त्या स्वरात म्हणाले, "मॅडम, चूक माझी आहे. तिची गाडी अडवू नका." मग खलाशाकडे गेले आणि हात जोडून उभे राहिले. तो बिचारा अवघडला. "राहू द्या हो काका, नडगीच आहे, दुसरीही आहे मला," म्हणाला.

"गाडी जाऊ दे," अधिकारी म्हणाल्या. "पण गाडीच्या मागे कोणीही चालायचं नाही. कोणीही म्हणजे कोणीही."

"मी इथेच बसतो," मास्तर म्हणाले. "तू जाऊन ये."

"बसता कशाला? ताईचं घर कोण विचारणार, ही गाडी? पुढे व्हा. मला दिसाल असे चाला."

मास्तर पुढे झाले. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी दोन्ही हात पाठीमागे बांधले होते, आणि डाव्या हाताने उजव्याचं मनगट गच्च धरलं होतं. गल्ली चढू लागली. दोन्ही बाजूंची घरं इतकी जवळ, की एकीकडच्या खिडकीतला रेडिओ दुसरीकडच्या घरात ऐकला जात असावा. मास्तर एक शब्द बोलत नव्हते. सल्ल्याशिवायची ती शांतता मास्तरीणबाईंना पाठीवरून पदर घसरल्यासारखी उघडी वाटत होती.

ऐन चढावर एका घरातून दोन माणसं कपाट घेऊन बाहेर आली आणि गल्ली बंद झाली. थांबावंच लागलं. मागे सगळा उतार, त्याच्या टोकाला पाणी. त्यांनी दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मास्तर वळले होते. त्यांनी सगळं ओळखलं; एक पाऊल खाली आलेही. मग ते पाऊल तिथेच थांबलं. पाठीमागे धरलेलं मनगट त्यांनी सोडलं नाही.

मास्तरीणबाईंनी डोळे मिटून अंगठा उचलला.

"धरली?" वरून आवाज आला, विचारणारा, सांगणारा नव्हे.

त्यांनी डोळे उघडले. "धरली," त्या म्हणाल्या.

कपाट गेलं. गल्ली एकदा वळली, आणि वळणावर दारातच खुर्ची टाकून ताई बसली होती. केस पार पांढरे, अंग चिमणीएवढं. जीभ मात्र होती तशीच. तिने गाडीकडे पाहिलं, बहिणीच्या तळहाताकडे पाहिलं, काहीतरी विचारायला तोंड उघडलं आणि न विचारता तो हात ओढून दोन्ही हातांत घेतला. मग डोळे पुसून ताईने मास्तरांकडे मोर्चा वळवला.

"काय हो मास्तर, मघापासून एक उपदेश नाही. जिभेलाही ब्रेक लावलात की काय?"

मास्तरांच्या ओठांशी सगळं येऊन थांबलेलं मास्तरीणबाईंना दिसलं. उतार, खटका, नडगी, सगळं. आणखी एका क्षणात त्यांनी ते ताईसमोर ठेवलं असतं.

"चढ केवढा आहे गं तुझ्या गल्लीला," त्या म्हणाल्या. "दम लागलाय त्यांना. पाणी दे आधी."

आणि वाटेत ज्यांना एकदाही दम लागला नव्हता, ते मास्तर पायरीवर बसले आणि मोठमोठ्याने श्वास घेऊ लागले.