वाकड्या शिक्क्यांची वही

मित्रांनो, मी एक जुना रबरी शिक्का आहे. आयुष्यभर मी एकच शब्द बोललो. त्यामुळे एवढी मोठी गोष्ट सांगताना माझी धांदल उडणार, हे मला दिसते आहे. कुठून सुरुवात करावी, काय गाळावे, हे शिक्क्याला कोण शिकवणार? पण गप्प बसणेही आता जमत नाही. राग आला की माणसे टेबलावर मूठ आपटतात. मला आजवर दुसऱ्यांनीच आपटले. आज माझा मी बोलतो आहे; ओळ वाकडी गेली तर चालवून घ्या.

माझा जन्म फेस नावाच्या शहरातल्या एका अरुंद बोळात झाला. अक्रोडाच्या लाकडाची मूठ, तिच्या तळाला हाताने कोरलेले रबर. मध्ये एका पायावर उभा असलेला करकोचा, भोवती ‘इत्तिहाद तिझरा’ हे फुटबॉल संघाचे नाव, आणि खाली माझा तो एकुलता एक शब्द : ‘हजर’. कारागिराने मला पहिल्यांदा कागदावर उमटवले तेव्हा तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, “करकोच्याचा पाय जरा जाड झाला. असू दे. लांब उभं राहायचंय त्याला.”

मला घ्यायला आले होते ते बा जिलाली. ‘ऐन तिझरा’ या आमच्या गावच्या टपाल कचेरीत त्यांनी तीस वर्षे पत्रांवर शिक्के मारले होते. निवृत्त झाल्यावर मनगटाला चैन पडेना, असे त्यांची बायको म्हणे. पण कारण ते नव्हते. कारण होते परगावच्या सामन्यांची तिकिटे.

ती कशी मिळतात ते सांगितले पाहिजे. यजमान संघ पाहुण्या गावच्या लोकांसाठी मैदानाचा एक कोपरा राखतो. हा कोपरा बहुधा भर उन्हातला असतो. त्या कोपऱ्याची तिकिटे पाहुण्या संघाच्या कचेरीत येतात. आमच्याकडे कधी पन्नास आली, कधी ऐंशी. संघ हरत असला तरी जाणारी माणसे त्याहून जास्त असत. मग ज्याचा मामा कचेरीत, त्याला तिकीट. ज्याचा कुणी नाही, त्याने चहाच्या दुकानात बसून रेडिओ ऐकावा. एकदा यावरून खुर्च्या फेकल्या गेल्या, तेव्हा बा जिलालींनी त्याच दुकानात नियम मांडला.

“जो हरताना पाहायला येतो, त्याला आधी तिकीट,” ते म्हणाले. “जिंकताना पाहायला कुणीही येतं.”

“आणि कोण आला होता, हे कसं कळणार, बा? सगळेच म्हणतील मी होतो.”

“प्रत्येकाची एक वही. दर सामन्याची एक ओळ, ओळीवर शिक्का. ज्याचे शिक्के जास्त, तो रांगेत पुढे.”

एवढेच. हा नियम कुठे छापला नाही, कुणी सही केली नाही. पण बावीस वर्षे तो चालला, आणि मी त्याचा साक्षीदार होतो.

मी वहीवर कधी उमटायचे, हेही ठरलेले होते. सामन्याआधी नाही, मध्यंतरात तर नाहीच. सामना संपून, हरून, बस गावच्या वाटेला लागली की बा जिलाली मांडीवर पिशवी घेत, शाईची गादी उघडत, आणि एकेकाला हाक मारत. बस चालू असे. ताझाच्या घाटात मी कागदावर टेकण्याआधीच वळण येई. त्यामुळे कुठे करकोचा आडवा झोपलेला, कुठे त्याचे डोकेच वहीबाहेर. बेरकानला पाऊस लागला होता, तर त्या दिवसाचे सगळे शिक्के जांभळे ओघळ झाले.

“बा, माझा करकोचा पाठीवर पडलाय,” कुणी तक्रार करी.

“आपला गोलरक्षक दिवसभर काय करत होता? तोही त्याच्याकडून शिकला असेल,” बा म्हणत, आणि पुढच्याला हाक मारत.

सगळ्यांत जाड वही होती लल्ला तामोची. आमच्याकडे लल्ला म्हणजे बाई. ती गल्लीतली लाकडाची भट्टी चालवायची. घराघरातून मळलेल्या पिठाच्या परड्या तिच्याकडे येत आणि भाकरी भाजून परत जात. तिच्या तीन वह्या दोऱ्याने एकत्र शिवलेल्या होत्या, पानापानांत पीठ होते. बसमध्ये ती उकडलेली अंडी आणि जिरे-मिठाची पुडी घेऊन बसे, आणि ड्रायव्हरला गाडी कशी चालवावी ते सांगत राही. तिचे तीनशे चार शिक्के होते. दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाचे दोनशे एकोणनव्वद. तो तिला म्हणायचा, “लल्ला, एखाद्या रविवारी आजारी पडा की.” ती म्हणायची, “पडेन. तू मेलास की दुसऱ्या दिवशी.”

मला त्या दिवसांत फार मान होता. हे मी फुशारकीने सांगत नाही. मान खरे तर त्या लोकांचा होता, मी नुसता उमटत होतो. पण एकदा एका मुलीच्या बापाने होणाऱ्या जावयाची वही मागून घेतली, पाने मोजली आणि लग्नाला हो म्हटले. “पाच गोल खाऊन जो पुढच्या रविवारी परत बसमध्ये चढतो,” तो म्हणाला, “तो माझ्या मुलीला सोडून जाणार नाही.”

मग ते वर्ष आले. आमचा संघ चषकात एकामागून एक सामने जिंकत सुटला. का, ते कुणालाच कळेना. उपांत्य सामना पडला तेतवानला. आमच्या कोपऱ्यासाठी ऐंशी तिकिटे आली, आणि गावातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला एकाएकी करकोच्याचे प्रेम आले.

लल्ला तामो भट्टीसमोर म्हणाली, “एकतीस वर्षं या संघापायी उन्हात बसले. आता एकदा चांगलं काहीतरी बघते. पुढच्या उपांत्य सामन्याला माझी कबर बसमध्ये घालून न्यावी लागेल.”

“नेऊ की, लल्ला. पण खिडकीची जागा तिला मिळणार नाही.”

तिने त्या दिवशी कुणाच्याही भाकरी करपवल्या नाहीत, इतकी ती खुशीत होती.

संघाच्या अध्यक्षांनी चहाच्या दुकानात येऊन सगळ्यांसमोर सांगितले की वहीचा नियम पवित्र आहे, तो मोडणार नाही. फक्त गर्दी मोठी, तेव्हा या वेळी वाटप कचेरीतून होईल, शिस्तीत. त्यासाठी शिक्का दोन दिवस आधी कचेरीत जमा करावा. कचेरीचे चिटणीस सी नबील, म्हणजे श्रीयुत नबील, यांनी बा जिलालींना छापील पावती दिली. ‘एक शिक्का, रबरी, मागणी केल्यावर परत.’

बा जिलालींनी पावती दोनदा वाचली आणि समाधानाने घडी घातली. तीस वर्षे टपालात काढलेल्या माणसाला पावती मिळाली की वस्तू सुरक्षित वाटते. ही त्यांची चूक. मी त्यांना दोष देत नाही. पण मला तोंड असते तर मी तिथेच ओरडलो असतो, असे आता वाटते. खरेच ओरडलो असतो का, कोण जाणे.

दुसऱ्या दिवशी दुपारी कचेरीचे दार आतून बंद झाले. टेबलावर ऐंशी नव्या वह्या होत्या, कोऱ्या करकरीत. सी नबील एकाच पेनाने बावीस वर्षांचे सामने त्यांत लिहीत होते, आणि अध्यक्षांचे मेहुणे सी फौजी यांच्या हातात मी होतो.

“हळू मारा. रेघेत येऊ द्या,” नबील म्हणाले. “मोठ्या लोकांच्या वह्या आहेत, गबाळं दिसायला नको.”

“उजदाच्या सामन्याच्या ओळीवर पण? ही वही कुणाची, कंत्राटदाराच्या पोराची ना? तेव्हा तो अकरा वर्षांचा असेल.”

“अकरा वर्षांची पोरं सामन्याला जात नाहीत का? मारा.”

हजर. हजर. हजर. जी माणसे त्या दिवशी लग्नात जेवत होती, झोपली होती, ज्यांना उजदा कुठल्या दिशेला आहे हेही ठाऊक नव्हते, त्यांच्यासाठी माझ्या तोंडून तो शब्द हजारो वेळा वदवला गेला. मी शाई कमी उचलून पाहिली. त्यांनी गादी ओली केली. माझ्याने दुसरे काही झाले नाही. हे मी आजही स्वतःला सांगतो, आणि त्याने माझे समाधान होत नाही.

सकाळी कचेरीसमोर रांग लागली. नियमाप्रमाणे पहिली लल्ला तामो. अंगात स्वच्छ पायघोळ जिलाबा, हातात त्या तीन शिवलेल्या वह्या. टेबलावर मी होतो, तिने माझ्याकडे ओळखीच्या माणसाकडे पाहावे तसे पाहिले.

सी नबील यांनी तिची वही उघडली, दोन पाने उलटली, आणि बोटाला लागलेले पीठ रुमालाने पुसले.

“हे काय आहे?”

“माझी वही.”

“एक शिक्का सरळ नाही. अर्ध्यांची अक्षरं लागत नाहीत. इथे तर पिवळा डाग आहे.”

“अंड्याचा आहे तो. साफीहून येताना.”

“बाई, असं कुणीही घरी बसून करील.” त्यांनी नव्यांतली एक वही उचलून रांगेला दाखवली. “हे पाहा. खरे शिक्के असे असतात. एका रेघेत, एका शाईत, स्वच्छ.”

रांगेतली माणसे माना लांबवून ती वही पाहू लागली. मग बा जिलाली पुढे आले. ते कधीच मोठ्याने बोलत नसत, त्या दिवशीही बोलले नाहीत.

“साहेब, ते शिक्के मी मारलेत. चालत्या बसमध्ये. घाटात. तुमचा एवढा सरळ शिक्का कुठल्या बसमध्ये बसून मारलात, ते सांगाल का?”

“आजोबा, तुम्ही शिक्का कचेरीकडे सोपवलाय. खरं-खोटं आता कचेरी ठरवणार.”

लल्ला तामो बाजूला उभ्या असलेल्या सी फौजींकडे वळली. त्यांच्या हातात नवी वही होती, तिच्यात तीनशे दहा शिक्के.

“मालक, तुम्ही माझ्याहून सहा सामने जास्त पाहिलेत. कमाल आहे. ताझाला पावसात गेलो होतो, आठवतं? काय झालं होतं हो त्या सामन्यात?”

“जिंकलो होतो,” फौजी म्हणाले. “दोन शून्य.”

सगळी रांग हसली. ताझाला आमचा संघ आजवर जिंकलेला नाही. शेजारच्या गल्लीतली कुत्रीसुद्धा हे जाणतात. हसता हसता एक म्हातारा खाली बसला. पण मित्रांनो, हसण्याने तिकीट मिळत नाही. त्या दिवशी वाकड्या शिक्क्यांची प्रत्येक वही खोटी ठरली, आणि ऐंशी सरळ वह्यांना ऐंशी तिकिटे मिळाली. नियम एका शब्दानेही मोडला गेला नाही, याचा मला सर्वांत जास्त संताप येतो. नियम मोडला असता तर निदान भांडता आले असते.

बा जिलालींनी खिशातून पावती काढून टेबलावर ठेवली. “मागणी केल्यावर परत, असं लिहिलंय.” कचेरीचे काम झाले होते; सी नबील यांनी मला परत देऊन टाकले.

सामन्याच्या दिवशी बस निघाली. तिकीट कुणाकडेच नव्हते, तरी त्रेचाळीस माणसे चढली. मी नेहमीच्या पिशवीत होतो. तेतवानच्या मैदानाला पाहुण्यांच्या बाजूने उंच भिंत आहे, तिच्या सावलीत ती सगळी उभी राहिली आणि गाऊ लागली. थोड्या वेळाने दारावरचा पोलीस जवळ आला.

“तुमचा कोपरा आत निम्मा रिकामा आहे. तुम्ही इथे काय करताय?”

“तिकीट नाही.”

“मग तिकिटं गेली कुणाकडे?”

“ज्यांना यायचं नव्हतं, त्यांच्याकडे,” लल्ला तामो म्हणाली.

जे आले होते, त्यांतलेही बरेचजण अध्यक्षांबरोबर सावलीतल्या गाद्यांवर जाऊन बसले होते, असे मागाहून कळले. पोलीस चांगला माणूस होता. त्याने तिला आपले स्टूल आणून दिले. आत मात्र सोडले नाही, त्याला तसा हुकूम नव्हता. शेवटची दहा मिनिटे राहिली असताना भिंतीपलीकडून मोठा गजर उठला. बाहेर सगळे तिच्याकडे पाहू लागले.

तिने मान हलवली. “हा आवाज आपला नाही.”

एक गोल. तेवढाच झाला.

परतताना, ऊन अजून डोंगरावर होते तेव्हा, बा जिलालींनी सवयीने पिशवी मांडीवर घेतली आणि मला बाहेर काढले. पहिली हाक लल्ला तामोची. ती आली, वही उघडली, आणि मग माझ्यावर तिने हात ठेवला. उचलायला नाही, अडवायला.

“हा नको, बा.”

“का? आपण आलो होतो. आत नसू गेलो, पण...”

“ते नाही. यानं त्या लोकांनाही हजर म्हटलंय. आता माझ्या वहीत याचा शब्द नको.”

मित्रांनो, मला तिचे काही चूक वाटत नाही. म्हणूनच ते इतके लागले.

बा जिलालींनी मला पुसले आणि पिशवीत ठेवले. मग खिशातले पेन काढून त्यांनी तिच्या ओळीवर आपल्या टपाली अक्षरात लिहिले, ‘तेतवान. भिंतीबाहेर. होती.’ आणि खाली सही केली. बस वळणावर होती, अक्षर पानभर पसरले. मागे बाकीची माणसे आपापल्या वह्या घेऊन उभी राहिली. त्रेचाळीस वेळा मी पेनाचा आवाज ऐकला.

आता मी त्यांच्या घरी खणात असतो. बस अजून जाते, वह्या भरतात, मी जात नाही. तुम्हाला वाटेल, हा म्हातारा शिक्का आता म्हणेल, मला पुसा, मला तेल लावा, कपाटात नीट ठेवा. मला त्यातले काही नको. तुमच्या शाळेत, संस्थेत, गावात असा एखादा शिक्का असेल, तर तो कुणाच्या हातात आहे ते पाहत जा. तो जमा करा असे कुणी गोड शब्दांत म्हटले, छापील पावती दिली, तर आधी विचारा, दार आतून बंद का करता? आणि पुसट, वाकडा, डाग पडलेला कागद घेऊन कुणी तुमच्या टेबलासमोर उभे राहिले, तर तो फेकण्याआधी त्या माणसाला विचारा, तुम्ही कुठून आलात?

मी चांगले सांगू शकलो की नाही, ठाऊक नाही. रागात काही राहूनही गेले असेल. एवढे मात्र मला पक्के माहीत आहे. तीनशे चार वेळा ती तिथे होती, मी स्वतः तिच्या वहीवर उमटलो आहे. ऐंशीतले पहिले तिकीट तिचे होते. ते तिला मिळायला हवे होते.